स्पूनीचा फोटो काढायचाय? लेन्सच्या आधी पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की जानेवारीत थायलंडला जाणं होतंय, त्यात एक-दोन दिवस पाक थलेच्या मिठागरांसाठी ठेवलेत, हातात १५०-६०० झूम आणि क्रॉप सेन्सरची बॉडी आहे, तर स्पून-बिल्ड सँडपायपरचा (म्हणजे स्पूनीचा, चोचीचं टोक चमच्यासारखं असलेल्या छोट्या किनारी पक्ष्याचा) बरा फोटो मिळेल का, सेटिंग काय ठेवायचं आणि १.४ चा कन्व्हर्टर (लेन्सची फोकल लेंथ १.४ पट करणारा जोड) घ्यावा का. मिळेल, याच सामानात मिळेल, आणि कन्व्हर्टर घेऊ नका, त्याचं कारण पुढे येतंच. पण सेटिंगपासून सुरुवात केलीत तर दिवस वाया जाईल. या पक्ष्याचा फोटो पाणी काढून देतं. पाणी मिठागराच्या कुठल्या कप्प्यात किती खोल आहे आणि समुद्र कधी चढतोय हे समजलं की पक्षी कुठे येणार ते समजतं, आणि तो यायच्या आधी तुम्ही तिथे शांत बसलेले असाल तर बाकीचं काम सोपं आहे. त्याच्या मागे मागे फिरून कुणालाच चांगला फोटो मिळालेला मी पाहिला नाही.

आधी पक्षी किती छोटा आहे ते डोक्यात बसवा, कारण फोटोत तो बगळ्याएवढा दिसतो आणि तिथे गेल्यावर सगळ्यांना धक्का बसतो. लांबी १४ ते १६ सेंटीमीटर, वजन ३० ग्रॅमच्या आसपास. रशियाच्या ईशान्य टोकाला चुकोत्का आणि कामचात्काच्या उत्तरेकडे घरटी करतो, तिथून साधारण ८००० किलोमीटर खाली येऊन म्यानमार, बांगलादेश, थायलंड अशा ठिकाणी हिवाळा काढतो. जगात प्रौढ पक्षी काही शेच उरलेत, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत २००८ पासून अतिसंकटग्रस्त आहे. पाक थलेला एखाद्या हिवाळ्यात मोजके पक्षी असतात, म्हणजे तुमच्यासमोर हजारो छोटे वेडर्स (चिखलात आणि उथळ पाण्यात खाणारे किनारी पक्षी) असणार आणि त्यात एक किंवा दोन स्पूनी.

आता हिशोब करून बघा. ६०० एमएमवर, २० मीटरवर, तुमच्या क्रॉप सेन्सरवर हा पक्षी फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो, २४ मेगापिक्सेल धरले तर साधारण ११०० पिक्सेल. ज्या चमच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय तो जेमतेम सेंटीमीटरभर रुंद, म्हणजे ७०-८० पिक्सेल. हेच अंतर ४० मीटर झालं की चमचा ४० पिक्सेलच्या खाली येतो. म्हणजे २० मीटरच्या आत असाल तर सुंदर फोटो, ३० ला ठीकठाक, ४० च्या पुढे फक्त नोंद. त्यामुळे सगळा खेळ अंतराचा आहे, आणि अंतर तुम्ही कमी करायचं नाही, पक्ष्याला करू द्यायचं.

पाक थले फेत्चाबुरी प्रांतात आहे, बँकॉकहून गाडीने साधारण दोन तास. समुद्र पूर्वेला, त्याला लागून चिखलाचं मैदान आणि आत मिठागरं. ओहोटीला बरेच वेडर्स बाहेर चिखलावर खातात, भरती चढायला लागली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवेच्या थवे आत मिठागरात येऊन बसतात. स्पूनीला मात्र आतले उथळ कप्पेही खायला आवडतात, पाण्याची पातळी त्याच्या पायाला झेपेल एवढी असली की झालं, दोन-तीन सेंटीमीटर. मीठ पिकवायला पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, त्यामुळे आज जो कप्पा बरोबर आहे तो पुढच्या आठवड्यात कोरडा किंवा खोल असू शकतो. म्हणूनच कुणाच्या तरी गेल्या वर्षीच्या लोकेशन पिनवर जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. तिथला स्थानिक गाइड घ्या, रोज बघणाऱ्या माणसाला सध्या कुठला कप्पा चालू आहे ते माहीत असतं, आणि त्याला मिळणारे पैसे हेसुद्धा ती मिठागरं टिकायचं एक कारण आहे. थायलंडच्या बर्ड कन्झर्व्हेशन सोसायटीने तिथली थोडी जागा विकत घेऊन राखीव केलीये, बाकी बहुतेक जागा लोकांची रोजच्या कामाची आहे. बांधावर गाडी कुठपर्यंत न्यायची, पाय कुठे ठेवायचा हे विचारूनच करा. चोपून केलेला ताजा बांध किंवा मीठ धरलेला कप्पा तुडवला तर कुणाची तरी मेहनत जाते.

निघायच्या आधी भरतीचं वेळापत्रक काढा. दोन दिवस असतील तर ज्या दिवशी भरती सकाळी लवकर चढतेय तो दिवस फोटोसाठी ठेवा आणि दुसरा नुसता शोधायला आणि बघायला. उलट झालं, म्हणजे भरती दुपारी बाराला आली, तर पक्षी जवळ येतील पण फोटो येणार नाहीत, कारण तोवर मिठागरावरून गरम हवा उठायला लागलेली असते. हा सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि लोक तो ओळखतच नाहीत, घरी येऊन म्हणतात लेन्स सॉफ्ट आहे, फोकस चुकतोय, सर्व्हिसला टाकतात. लेन्स ठणठणीत असते. उन्हाने तापलेला चिखल आणि त्यावर थंड हवा असली की मधे जी थरथर होते ती कुठलीही लेन्स कापू शकत नाही, आणि जितकी फोकल लेंथ जास्त तितकी ती थरथरही मोठी होऊन दिसते. कन्व्हर्टर नको म्हणालो ते यासाठी, शिवाय तुमच्या झूमवर तो लावला की ६.३ चं एफ ९ होतं आणि पहाटेच्या उजेडात फोकस रखडतो. उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास आणि मग संध्याकाळचा शेवटचा दीड तास, बाकी वेळ स्कोप (स्टँडवरची एकनळी दुर्बीण) लावून बघा, शिका, झाडाखाली झोपा.

गाडीतून काढणार असाल तर एक गोष्ट पाळा. इंजिन बंद, एसी बंद, दोन्ही बाजूच्या काचा आधीपासून खाली, आणि आतलं-बाहेरचं तापमान एकसारखं व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या, नाहीतर खिडकीतून बाहेर पडणारी हवाच फोटो खराब करते. खिडकीवर बीनबॅग. लोक म्हणतात गाडीतून अँगल उंच येतो, ते जवळच्या पक्ष्याला खरं आहे, पण कोन अंतरावर अवलंबून असतो, २० मीटरवरच्या पक्ष्याला खिडकीच्या उंचीवरून तीन-साडेतीन अंशाचाच कोन पडतो आणि तो चालतो. पक्षी आठ-दहा मीटरवर आला तर मात्र वरून काढल्यासारखं दिसतं. गाडीचा फायदा असा की वेडर्स गाडीला माणसापेक्षा खूपच कमी घाबरतात, एकट्याने जमिनीवर रांगत जाणाऱ्यापेक्षासुद्धा.

जमिनीवर झोपून काढायचं असेल तर ते पक्षी नसताना करायचं. म्हणजे भरतीच्या तासभर आधी, कप्पा रिकामा असताना, बांधाच्या मागे आडवं व्हायचं, कॅमेरा बांधाच्या कडेवर किंवा ग्राउंडपॉडवर (जमिनीलगतच्या बुटक्या स्टँडवर), स्क्रीन उघडून वर वळवलेली म्हणजे मान मोडत नाही, सूर्य पाठीशी. समुद्र पूर्वेला असल्यामुळे सकाळी समुद्राकडे पाठ करून आतल्या बाजूला बघायचं एवढं लक्षात ठेवा, उलट बसलात तर चमचा काळा ठिपका दिसेल. मग हलायचं नाही. थवा येतो, आधी लांब बसतो, मग खात खात सरकत येतो. छोटे स्टिंट्स (स्पूनीएवढेच, साध्या चोचीचे वेडर्स) तर कधीकधी पाच-सहा मीटरपर्यंत येतात, आणि स्पूनी त्यांच्यातच असतो.

आता तो ओळखायचा कसा, कारण हा प्रश्न फोटोआधीचा आहे. जानेवारीत त्याचा तो लालसर तांबूस उन्हाळी रंग नसतो, वरून करडा-तपकिरी आणि खालून स्वच्छ पांढरा, म्हणजे रेड-नेक्ड स्टिंटसारखाच, आणि ते तिथे शेकड्याने. बाजूने बघितलं तर चमचा दिसतच नाही, नुसती जरा जाड काळी चोच दिसते. झोपला असेल तर चोच पाठीच्या पिसांत, विषय संपला. शिवाय स्टिंटच्या चोचीच्या टोकाला चिखलाचा गोळा चिकटला की हुबेहूब चमचा वाटतो, यात चांगलेचांगले फसतात. म्हणून चोच शोधू नका, वागणं शोधा. स्टिंट शिलाई मशीनसारखा टकटक टोचत पळतो, इथे एक, तिथे एक. स्पूनी उथळ पाण्यात उभा राहून चोच जवळजवळ सरळ खाली धरतो, डोकं बाजूबाजूला हलवत चिखल ढवळत पुढे सरकतो आणि बराच वेळ डोकं वर काढत नाही. शेजारच्या स्टिंटपेक्षा तो जास्त पांढरा, जरा मोठ्या डोक्याचा, कपाळावर पांढरं जास्त असलेला दिसतो. स्कोपमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघत जा, असं वागणारा दिसला की थांबा आणि तो समोर तोंड करायची वाट बघा. कॅमेऱ्याने शोधत बसू नका, डोळे थकतात आणि बॅटरी जाते.

हेच वागणं फोटोलाही लागू पडतं. चमचा दिसतो तो पक्षी समोरून किंवा तिरका समोरून आला की, आणि चोच पाण्याबाहेर असली की. खाताना ती पाण्यात असते. म्हणजे तुम्हाला हवा असलेला क्षण म्हणजे तो डोकं वर काढतो तो, आणि तो काढतो कशासाठी तर काहीतरी गिळायला, आजूबाजूला बघायला, शेजाऱ्याला हाकलायला, किंवा आंघोळ आणि पिसं साफ करून झाल्यावर. पिसं साफ करणारा स्पूनी दिसला तर जागचं हलू नका, त्यानंतर तो बहुतेक वेळा पंख झटकतो, ताणतो, आणि चोच मोकळी असते. सतत बर्स्ट (सलग फोटो) मारत राहू नका, कॅमेऱ्याचा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) नेमका नको तेव्हा भरतो. डोकं खाली असताना बोट अर्धं दाबून फोकस धरून ठेवा, मान वर यायला लागली की छोटा बर्स्ट.

सेटिंग विचारलंय म्हणून सांगतो, पण हे गौण आहे. शटर खाताना १/१६०० ते १/२५००, उडताना १/३२०० किंवा वर. उभा असेल, झोपला असेल तर १/५०० लाही चालतं आणि आयएसओ वाचतो. अॅपर्चर तुमच्या लेन्सला एफ ७.१ किंवा ८, पूर्ण उघडं ठेवू नका. समोरून येणाऱ्या पक्ष्याचा डोळा आणि चोचीचं टोक यात काही सेंटीमीटरचं अंतर असतं आणि दोन्ही शार्प हवेत, नुसता डोळा शार्प आणि चमचा धूसर असा स्पूनीचा फोटो अर्धवट वाटतो. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा तुमच्या बॉडीला झेपेल ती. आय डिटेक्शन (डोळा ओळखून होणारा फोकस) एकटा पक्षी असेल तर वापरा, थव्यात ते शेजारच्या स्टिंटला चिकटतं किंवा पाण्यावरच्या चमचमाटाला, तेव्हा छोटा झोन किंवा सिंगल पॉइंट.

एक्सपोजरमध्ये घोळ होतो तो पांढऱ्या पोटाचा. मागे काळा चिखल असला तर कॅमेरा सगळं उजळ करायला बघतो आणि पोट जळतं, तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ च्या आसपास. पक्षी चकाकत्या पाण्यात असला तर उलट, कॅमेरा फ्रेम काळी करतो, तिथे शून्य किंवा थोडं अधिक. हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा, पोटावर लुकलुकायला लागलं की कमी करा, एवढंच बघा. रॉ काढा.

ज्याबद्दल मला मनापासून बोलायचंय ते आता. हा पक्षी तिथे तुमच्यासाठी बसलेला नाही, तो तिथे पोट भरायला आणि भरतीच्या वेळात विश्रांती घ्यायला आलाय, आणि त्याला विश्रांतीच्या जागा फार उरलेल्या नाहीत. पिवळ्या समुद्राच्या काठचा चिखल, जिथे तो येता-जाता थांबून खातो, पिसं बदलतो, त्याचा मोठा भाग भराव घालून संपवला. दक्षिण कोरियात सेमनगमला ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये बंद केला आणि वेडर्सचं एक अख्खं थांबायचं ठिकाण गेलं. चीनच्या किनाऱ्यावरची काही महत्त्वाची ठिकाणं २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, कोरियाची २०२१ मध्ये, हे चांगलं झालं, पण गेलेलं परत आलेलं नाही. हिवाळ्याच्या जागांवर जाळी लावून वेडर्स पकडायचे, त्यात हाही सापडायचा. चुकोत्कात २०१२ पासून अंडी उचलून पिल्लं सुरक्षित वाढवून पुन्हा सोडायचं काम केलं गेलं, एकेक पिल्लू माणसांनी हाताने जपलंय. त्यातला एखादा पक्षी तुमच्यासमोर असू शकतो. त्याला एका फ्लाइट शॉटसाठी उठवणं मला सहन होत नाही, आणि असं करणाऱ्याला मी तोंडावर थांबवतो.

थवा उडायच्या आधी सांगतो, फक्त ऐकायला हवं. खाणं थांबतं, माना वर होतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून चालायला लागतात, झोपलेले एका पायावर उड्या मारत सरकतात, एखादा ओरडतो. यातलं पहिलं दिसलं की थांबा, दुसरं दिसलं की मागे व्हा. मागे होताना उभं राहू नका, आलात तसेच सरकत जा. तुम्ही बरोबर बसला असाल तर पक्षी तुमच्यासमोर झोपतात, डोळे मिटतात, हा मी चांगल्या जागेचा पुरावा मानतो. फेब्रुवारी-मार्चच्या पुढे गेलात तर जास्त जपा, तेव्हा ते परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात आणि वाया गेलेलं प्रत्येक उड्डाण महाग पडतं. ड्रोन नको, आवाज वाजवणं नको, चार जणांनी चार बाजूंनी कप्पा घेरणं तर नकोच, सगळे एकाच बाजूला बसा म्हणजे पक्ष्यांना दुसरी बाजू मोकळी राहते. घरट्यावरच्या फोटोंचा विषय तुमच्यासाठी येणार नाही, पण कुणी देऊ केला तरी नको म्हणा.

लोकेशनबद्दलही. पाक थले सगळ्यांना माहीत आहे, तिथलं नाव लिहिलं तर बिघडत नाही. पण कधी दुसरीकडे, जिथे राखण नाही, जिथे जाळी लागतात अशा किनाऱ्यावर स्पूनी दिसला तर जीपीएस काढून टाका आणि फोटो आधी तिथल्या अभ्यासकांना पाठवा, सोशल मीडियावर महिनाभराने टाकलात तरी फोटो शिळा होत नाही.

घरी आल्यावर एडिटिंगमध्ये एक धोका आहे. हल्लीची एआय डिनॉइज आणि शार्पनिंगची टूल्स लांबच्या पक्ष्याची पिसं आणि चोचीची कड स्वतःच्या मनाने बनवतात. ४० पिक्सेलच्या चोचीला ती सुरेख चमचा करून देतील, आणि तो मुळात चिखल लागलेला स्टिंट असू शकतो. दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत हे फार वाईट, त्या फोटोवरून नोंद होते. भिंतीवर लावायला हवं ते करा, नोंदीसाठी मूळ रॉ आणि साधा क्रॉप जपून ठेवा. कॅमेरा आणि ट्रायपॉडचे पाय त्याच संध्याकाळी ओल्या कपड्याने पुसा, मिठागराचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट असतं.

आणि पायाकडे बघा. सुंदर पोझच्या नादात लोक पाय पाण्यात असलेले फोटो ठेवतात आणि पाय दिसणारे डिलीट करतात. बऱ्याच स्पूनींच्या पायात छोटी प्लास्टिकची फ्लॅग असते, रंगावरून ती कुठल्या देशात लावली ते कळतं आणि त्यावरच्या कोरलेल्या अक्षरांवरून तो नेमका कुठला पक्षी ते कळतं. चुकोत्कात लावलेल्या फिकट हिरव्या फ्लॅग तुम्हाला दिसू शकतात, थायलंडच्या स्वतःच्या वेडर्सच्या फ्लॅग वर काळी खाली हिरवी अशा असतात, शांघायजवळच्या चोंगमिंगच्या वर काळी खाली पांढरी. या फ्लॅग इतर वेडर्सच्या पायातही असतात, त्यांचेही फोटो घ्या. पक्षी पाण्यातून बाहेर आला, बांधाच्या कडेला उभा राहिला की चेहरा सोडून पायावर फोकस टाका आणि लांब बर्स्ट मारा, अक्षरं एखाद्याच फ्रेममध्ये वाचता येतात. पाठवताना कुठला पाय, गुडघ्यासारखा सांधा दिसतो त्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम, अक्षरं, तारीख, वेळ आणि कुठला कप्पा एवढं लिहा, व्हाइट बॅलन्स बदलू नका म्हणजे रंग खरा राहतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका आणि ईस्ट एशियन-ऑस्ट्रेलेशियन फ्लायवे पार्टनरशिप या स्थलांतराच्या मार्गावर काम करणाऱ्या संस्थेच्या स्पून-बिल्ड सँडपायपर टास्क फोर्सकडेही पाठवा. फोटो धूसर असला, पक्षी अर्धा फ्रेमबाहेर असला तरी पाठवा, अक्षरं वाचता येत असली की पुरे.